सातपुड्यातल्या जुन्या आदिवासी वस्तू जमवायच्या असतील तर

नंदुरबारच्या बाजारात एका मोडवाल्याकडे जुन्या भांड्यांच्या ढिगात काशाचा एक थाळा दिसला. उचलून पाहिला. मधोमध काळपट मेणाचा चिकट डाग होता आणि काठाचा एक भाग बोटं लागून लागून आरशासारखा गुळगुळीत झाला होता. मोडवाल्याच्या लेखी ते किलोच्या भावाचं कासं. पण तो जेवणाचा थाळा नव्हता. पश्चिम पट्ट्यातले कोकणा लोक थाळ्याच्या मध्यावर मेणाचा गोळा लावून त्यात एक लांब काडी उभी रोवतात. काडीवरून दोन्ही हातांची बोटं वरून खाली ओढली की थाळा घुमायला लागतो, आणि त्या घुमण्यावर रात्र रात्र कथा चालते. कुणीतरी त्या मेणाच्या डागाभोवती आयुष्यभर कथा सांगितल्या होत्या.

मी तो थाळा घेतला. कुठून आला म्हणून विचारलं, तर मोडवाल्याला सांगता आलं नाही. फेरीवाल्याने पोत्यात आणलेला माल होता. त्या थाळ्याचं गाव, तो वाजवणारा माणूस, त्याच्या कथा, यातलं काहीच मला पुढे कधी सापडलं नाही. माझ्याकडे त्याहून साध्या आणि स्वस्त वस्तू पुष्कळ आहेत. पण त्यांच्यासोबत गाव आहे, पाडा आहे, वापरणाऱ्याचं नाव आहे. संग्रहाला नव्याने लागणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा हेच सांगतो की वस्तूबरोबर तिची हकीकत आली पाहिजे. ती येणार नसेल तर वस्तू न घेतलेलीच बरी. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

आधी हद्द आखून घ्या

"आदिवासी कला" हा शब्द फार मोठा आहे. खान्देशापुरतं बोलायचं तरी धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात पावरा आणि भिल्ल, नवापूरकडे मावची आणि गावित, साक्रीच्या पश्चिमेला कोकणा, यावल-रावेर-चोपड्याच्या सातपुड्यात तडवी आणि पावरा-बारेला, असा पसारा आहे. प्रत्येकाची चांदी वेगळी, वाद्यं वेगळी, देव वेगळे. सगळ्यांचं थोडं थोडं जमवायला गेलात तर घरात नुसती गर्दी होते. एक विषय घ्या. फक्त वाद्यं, फक्त स्वयंपाकघर, फक्त चांदी, नाहीतर एकाच तालुक्यातल्या रोजच्या वापराच्या वस्तू.

माझं मत विचाराल तर रोजच्या वापराच्या वस्तूंपासून सुरुवात करा. पाण्याचा तुंबा म्हणजे सुकवलेल्या भोपळ्याचं भांडं, लाकडी पळ्या, चुन्याची डबी, मासे धरायच्या बांबूच्या टोपल्या, धान्याची शेणाने लिंपलेली कणगी, शेर-मापट्याची जुनी मापं. या वस्तू महाग नाहीत, त्यांच्या नकला सहसा कुणी करत नाही, आणि दशमान मापं किंवा प्लास्टिकची घागर आली तशा त्या घराघरांतून बाहेर पडल्या. चांदीच्या मागे सगळे लागतात. तुंबा चुलीत जातो.

डोळा तयार करणं

पहिलं वर्षभर काही विकत घेऊ नका. कठीण वाटेल, पण पाळा. त्या वर्षात पाहायचं.

पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय आहे, तिथून सुरुवात करावी. पुण्यातच राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. तिथे दिवे, अडकित्ते, वाद्यं अशा साध्या वस्तूंकडे किती बारकाईने पाहता येतं ते कळतं. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. भोपाळ आपल्याला फार लांब नाही. तिथे मानव संग्रहालय आणि जनजातीय संग्रहालय ही दोन्ही पाहायला दोन दिवस हाताशी ठेवा. गुजरातेत छोटा उदेपूर जिल्ह्यात तेजगढला आदिवासी अकादमीचं संग्रहालय आहे. भिल्ल-राठवा पट्टा एकसलग असल्याने तिथल्या कितीतरी वस्तू आपल्या धडगावच्या वस्तूंच्या सख्ख्या बहिणी वाटतात.

संग्रहालयापेक्षा जास्त शिकवतो तो बाजार. होळीच्या आधीच्या आठवड्यात भरणारे भोंगऱ्या हाट पाहा. वर्षभर पेटीत ठेवलेली चांदी त्या दिवशी अंगावर असते. कुठला दागिना कोणत्या वयाची बाई घालते, कोणता कशावर घालतात, किती जड असतो, हे उभ्या उभ्या कळतं. अक्कलकुव्यातल्या काठीची राजवाडी होळी पाहा. सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा पाहा, तिथे घोड्याच्या साजाचं जुनं काम दिसतं. फोटो काढायचा तर आधी विचारा, आणि काढलेल्या फोटोची प्रत पुढच्या खेपेला नेऊन द्या. पुढे तुमच्यासाठी जी दारं उघडतात ती अशा प्रतींमुळे.

विकत घेताना

वस्तू तीन वाटांनी येते. एक म्हणजे मोडवाले, भंगारवाले, सराफ. दुसरी, शहरातले जुन्या वस्तूंचे विक्रेते. तिसरी, थेट घरातून. पहिल्या वाटेने वस्तू स्वस्त मिळते, पण मुकी मिळते. दुसऱ्या वाटेने महाग, आणि बरोबर बहुधा एक ठोकळेबाज गोष्ट जोडून येते. तिसरी वाट सगळ्यांत चांगली, आणि तिसऱ्याच वाटेवर सगळ्यांत जास्त सांभाळून चालावं लागतं.

मी शिक्षक म्हणून डोंगरात बरीच वर्षं काढली, त्यामुळे लोक "गुरुजी" म्हणून घरात घेतात. म्हणूनच अडचणीत असलेल्या घरातून वस्तू घेणं मी टाळतो. दवाखान्याच्या खर्चासाठी, बियाण्यासाठी कुणी हासळी, म्हणजे गळ्यातला चांदीचा जाड कड्यासारखा दागिना, पुढे केली तर ती घ्यायची नाही. पैसे उसने द्यायचे असतील तर द्या, दागिना त्यांच्याच घरात राहू द्या. आपल्याकडे बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी अजून ऐकू येतात. किती घरांतली चांदी तेव्हा वजनावर गेली आणि मुशीत वितळली, ते त्या घरांतल्या म्हाताऱ्या अजून सांगतात. ती वेळ पुन्हा कुणावर आपल्या हातून येऊ नये.

दुसरी काळजी म्हणजे वस्तू कुणाची ते नीट विचारा. शहाद्याजवळच्या एका घरात मी एक जुनी हासळी पाहिली. घरचा मुलगा किंमत सांगायला तयार होता. इतका वेळ कोपऱ्यात निवडत बसलेली आजी तेव्हा बोलली, "गुरुजी, हाई हासळी इकानी नही शे. मन्ही आंडेरनी शे." लेकीची. लेक नांदायला लांब, तिला या सौद्याचा पत्ताही नव्हता. लग्नात नवऱ्याकडून आलेली चांदी बाईची असते, ती पुढे लेकीसुनांकडे जाते. तेव्हापासून घरातल्या बाईने स्वतःच्या तोंडाने "द्यायची आहे" म्हटल्याशिवाय मी दागिन्याच्या किमतीचा विषय काढत नाही. एकदा हो म्हटल्यावरही आठवड्याची मुदत देतो. आठवड्याने विचार बदलला तर विषय संपला.

व्यवहार झाला की साध्या कागदावर पावती करा. विकणाऱ्याचं नाव, गाव, वस्तूचं वर्णन, वजन, रक्कम, तारीख, सही किंवा अंगठा. दोन प्रती, एक त्यांना. ही पावती दोघांच्याही कामाची. उद्या कुणी चोरीचा माल म्हटलं तर तुमच्या बाजूने तीच बोलते.

जुनं आहे की जुनं केलेलं आहे

चांदीपासून सुरू करतो, कारण फसवणूक इथे सगळ्यांत जास्त.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा. हे दागिने घालणारे आदिवासी असले तरी घडवणारे बाजारगावांतले सोनार. गिऱ्हाइकाला काय हवं ते सोनाराला पिढ्यान् पिढ्या माहीत होतं, त्यातून ही घडण तयार झाली. म्हणून शहादा, तळोदा, धडगावच्या जुन्या सोनारांशी बोला. एखाद्या दागिन्याकडे पाहून "हे आमच्या आजोबांच्या हातचं" म्हणणारा सोनार भेटला तर त्याच्याजवळ तासभर बसा आणि ते लिहून घ्या.

आता हासळी हातात घ्या. मधे जाड आणि टोकांकडे निमुळती होत गेलेली, टोकांना पीळ किंवा तारेचं काम. वर्षानुवर्षं गळ्यात राहिलेली हासळी सगळीकडे सारखी झिजत नाही. गळ्याच्या हाडावर टेकते ती आतली बाजू चपटी आणि मऊ होते, मानेमागच्या टोकांची नक्षी जवळजवळ पुसली जाते, आणि पुढच्या बाजूची नक्षी त्यामानाने टिकलेली असते. बोट फिरवलं की फरक कळतो. जुन्या खोदकामाच्या कडा गोल झालेल्या असतात, नवीन काम बोटाला बोचतं. खाचांमध्ये काळा मळ घट्ट बसलेला आणि उंचवटे उजळ, हे वापराचं लक्षण. सगळीकडे एकसारखा काळा रंग दिसला तर तो औषधाने दिलेला. भिंगातून बारीक बारीक छिद्रं दिसली, किंवा कडेने एक सरळ रेघ धावत गेलेली दिसली, तर दागिना घडवलेला नाही, साच्यात ओतलेला आहे.

शुद्धतेसाठी सराफाकडे जा. जळगावच्या सराफ बाजारात मशीनवर तपासून मिळतं. मशीन पृष्ठभाग वाचते हे लक्षात ठेवा. वरून मुलामा असेल तर आकडा चांगला येतो. कसोटीवर घासायचं असेल तर दिसणार नाही अशा जागी, तेही एकदाच. जुनी चांदी शुद्ध असलीच पाहिजे असं नाही, सोनार गिऱ्हाइकाच्या ऐपतीप्रमाणे मिसळ करत. आणि गिलटाला नाक मुरडू नका. चांदी परवडत नव्हती त्या घरातल्या बायकांनी त्याच घडणीचे दागिने गिलटात घातले. गिलटाची झिजलेली हासळी मला तितकीच मोलाची वाटते, आणि ती कुणी जपून ठेवत नाही.

रुपयांच्या माळेचा काळ ठरवणं त्यामानाने सोपं आहे. माळेतलं सगळ्यांत अलीकडचं नाणं शोधा. माळ आज आहे त्या रूपात त्या सालाच्या आधीची असूच शकत नाही. राणीच्या नाण्यावर "क्वीन" असेल तर ते १८७७च्या आधीच्या छापाचं, "एम्प्रेस" असेल तर १८७७पासूनचं. जुना चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात चांदी ९१.७ टक्के. १९४०पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली, आणि १९४७चा रुपया निकेलचा. त्यामुळे "आजीची शंभर वर्षांची माळ" म्हणून समोर आलेल्या माळेत पंचम जॉर्ज आणि सहावा जॉर्ज शेजारी शेजारी दिसले, तर थांबा. प्रत्येक नाण्याच्या वर डाग देऊन बसवलेली कडी पाहा. जुन्या नाण्यांच्या कड्या झिजून कागदासारख्या झालेल्या आणि दोन-तीन नाण्यांच्याच जाड, तर ती दोन-तीन मागाहून घातलेली. म्हणजे माळ खोटी ठरत नाही. घरात पैसा आला तशी ती वाढली, एवढंच. ते तसंच लिहून ठेवा.

मण्यांच्या माळांचा दोरा नवा असणं हा दोष मानू नका. दोरा झिजतो, बायका पुन्हा ओवतात. मण्याचं भोक पाहा. दोऱ्याने घासून ते एका बाजूला ओढलं गेलेलं असेल तर मणी जुना.

मुखवट्यांच्या बाबतीत मी स्वतः फसलो आहे. साक्रीच्या पश्चिम भागात आणि लगतच्या नाशिक जिल्ह्यात भोवाड्यात देवादिकांचे मुखवटे घालून नाचतात. तसा एक लाकडी मुखवटा मी दुसऱ्या एका शहरातल्या विक्रेत्याकडून घेतला. काळाकभिन्न, तडा गेलेला, पाहताक्षणी मन बसलं. घरी आणून दिवसाच्या उजेडात उलटा केला आणि चूक कळली. नाचात वापरलेल्या मुखवट्याची आतली बाजू सगळं सांगते. कपाळ आणि नाकाचा दांडा टेकतो तिथे घामाने लाकूड काळपट-तेलकट होतं, बाकी भाग कोरडा राहतो. बहुतेकदा टोचू नये म्हणून चिंधीची गादी लावलेली असते. दोरीची भोकं ओढ पडते त्या बाजूला लांबट झालेली असतात. बाहेरून पापुद्रा निघालेल्या जागी रंगाखाली रंग, त्याखाली आणखी रंग दिसतो, कारण उत्सवाआधी मुखवटा पुन्हा रंगवतात. माझ्या मुखवट्यात आतबाहेर सारखीच काजळी, भोकं गोल आणि धारदार, वास रॉकेलचा. तो मी अजून ठेवला आहे. संग्रहात नाही, नवीन कुणी शिकायला आलं की दाखवायला.

तीरकामठ्याचं थोडक्यात. भिल्लांच्या धनुष्याची दोरी बांबूच्याच चिरलेल्या पट्टीची असते, कमानीच्या टोकाला बांधून घेतलेली. नायलॉनची दोरी दिसली तर एकतर दोरी बदलली आहे, नाहीतर धनुष्य शोभेसाठी केलं आहे. कमानीच्या मध्यावर मुठीची झीज आहे का पाहा. बाणाचं लोखंडी टोक लोहाराच्या हातोडीखालचं असेल तर दोन टोकं एकसारखी नसतात.

चित्रांबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. कागदावरचं किंवा कापडावरचं "शंभर वर्षांपूर्वीचं वारली चित्र" अशी वस्तू नसते. ही चित्रं झोपडीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढली जात. कागदावर ती आली १९७०च्या दशकात, जिव्या सोमा मशे यांच्या हातून. तसंच ठिपक्यांच्या भिल्ल चित्रांचं. झाबुआच्या भूरीबाई भोपाळच्या भारत भवनात कागद आणि रंगांनी चित्रं काढू लागल्या त्या १९८०च्या दशकात. २०२१मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पिठोरा तर राठवा-भिलाल्यांच्या घरातल्या भिंतीवरचा देवच, नवसाचा. तो विकत मिळत नाही, मिळते ती कापडावरची प्रत. चित्र हवं असेल तर आजच्या चित्रकाराकडून त्याच्या सहीचं घ्या, पूर्ण किंमत द्या. आणि आपल्या भागातल्या दुकानांत दिसणाऱ्या ढोकरा, म्हणजे मेणाच्या साच्यातून ओतलेल्या धातूच्या मूर्ती बस्तरकडच्या असतात, खान्देशी म्हणून घेऊ नका.

जुने फोटो, ट्रंका, पाट्या यांवरचा पत्ताही काळ सांगतो. खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग १९०६ला झाले. पश्चिमेचा धुळे आणि पूर्वेचा जळगाव झाला तो १९६०च्या सुमारास, आणि नंदुरबार वेगळा झाला १ जुलै १९९८ला. "पश्चिम खानदेश" लिहिलेली पेटी कोणत्या पन्नाससाठ वर्षांतली ते असं कळतं. "जि. नंदुरबार" असा मूळ शिक्का असलेली वस्तू कितीही काळवंडलेली असली तरी १९९८च्या मागे जात नाही.

किंमत

दागिन्याला तळाची किंमत असते धातूची. ३०० ग्रॅमची हासळी ८० टक्के निघाली तर शुद्ध चांदी २४० ग्रॅम. त्या दिवसाच्या भावाने ती रक्कम काढा. सराफ मोड म्हणून घेतो तेव्हा यातून घट कापतो. तुम्ही घट कापायची नाही. त्या रकमेवर घडणीचं, वयाचं आणि हकिकतीचं मोल द्यायचं. आजचा भाव आणि हा हिशेब विकणाऱ्याला समोर करून दाखवा. मोडीपेक्षा तुम्ही जास्त दिलेत हे त्यांना कळलं की पुढच्या वेळी दागिना मुशीत जायच्या आधी तुम्हाला निरोप येतो.

लाकूड, बांबू, भोपळा यांना भाव नाही. मी अशी वस्तू घेताना त्याच कामाची नवीन वस्तू बाजारात कितीला येते ते पाहतो आणि त्याहून बऱ्यापैकी जास्त देतो. म्हणजे घर अडून राहत नाही.

कायदा

इथे अंदाजाने चालू नका.

१९७२चा पुरावस्तू व कलानिधी कायदा ५ एप्रिल १९७६पासून लागू आहे. १०० वर्षं किंवा त्याहून जुनी कलावस्तू, शिल्प, नाणं ही पुरावस्तू ठरते. हस्तलिखितांना ही मर्यादा ७५ वर्षांची. दगड, भाजलेली माती, धातू यांची शिल्पं आणि जुनी चित्रं अशा काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. तुमच्याकडे अशी वस्तू आली तर पुरातत्त्व विभागाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे जाऊन विचारा, लपवू नका. पुरावस्तू विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो, म्हणून विक्रेत्याकडे परवाना मागायला संकोच नको. खासगी माणसाला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकाला भेट द्यायची वस्तू शंभरीच्या आतली असेल तरी ती पुरावस्तू नसल्याचा दाखला पुरातत्त्व विभागाकडून घेऊन ठेवा, विमानतळावर उपयोगी पडतो.

नांगरटीत, विहीर खणताना काही सापडलं तर ते १८७८च्या गुप्तधन कायद्याखाली येतं. त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची असते. शेतात सापडलेला नाण्यांचा गडवा कुणी गुपचूप दाखवायला आणला तर त्याला तहसीलची वाट दाखवा.

तिसरा कायदा १९७२चाच, वन्यजीव संरक्षणाचा. वाघनखं, बिबट्याचे दात, कातडी, हस्तिदंत हे जुन्या ताइतांत आणि माळांत सापडतं. "आजोबांच्या काळचं आहे" या सबबीवर खरेदी-विक्री होत नाही, तो गुन्हा आहे. सुंदर माळेत एक नख ओवलेलं असेल तरी ती माळ सोडा. मोराच्या गळून पडलेल्या पिसांना देशात सूट आहे, परदेशी मात्र ती नेता येत नाहीत.

ज्या वस्तूंना हात लावायचा नाही

कायद्यात बसत असूनही ज्या घ्यायच्या नाहीत, अशा वस्तूंची यादी मी भिंतीवर लावली आहे.

शेताच्या बांधावर, पाड्याबाहेर घोडेस्वार कोरलेले दगड आणि लाकडी खांब दिसतात. ती गेलेल्या माणसांची स्मारकं आहेत. ओस पडलेली, तिरकी झालेली दिसली तरी ती कुणाच्या तरी आजोबांची आहेत. देवस्थानी वाहिलेले मातीचे घोडे फुटून पडलेले दिसतात. नवस फेडून झालेला असतो, वस्तू देवाची झालेली असते, तिने तिथेच मातीत मिळायचं असतं. घोडा हवा असेल तर जो कुंभार ते करतो त्याला शोधा आणि नवा करून घ्या. वाघदेवाचं लाकूड, डोंगऱ्या देवाच्या पूजेतलं काहीही, चालू नाचगाण्यात असलेली फुंकून वाजवायची पावरी किंवा ढोल, होळीत नवसाने बुध्या झालेल्या माणसाचा मोरपिसांचा टोप आणि कमरेचे भोपळे, यांच्यावर नजर ठेवू नका. पैसे पाहून कुणी द्यायला तयार झालं तरी नको, कारण गावाने ते दिलेलं नसतं.

वही

घ्यायच्या वस्तू ठरल्या, खऱ्या ठरल्या, पैसे दिले. आता खरं काम सुरू होतं. एक जाड बांधणीची वही घ्या. मोबाइलमध्येही ठेवा, पण वही हवीच. माझ्या वहीतली एक नोंद नावं वगळून जशीच्या तशी देतो:

"क्र. ४७. तुंबा, पाण्याचा. उंची ३१ सेंमी, वजन २१० ग्रॅम. गळ्याला सुतळीची जाळी, घरातच विणलेली. बुडाला तडा, मेणाने बुजवलेला. वापरणारे: धडगाव तालुक्यातल्या पाड्यावरचे आजोबा, गुरं चारायला नेत. भोपळा आजीने परसात वाढवलेला, सुकवून बिया काढून नदीच्या वाळूने आतून घासलेला. तडा कसा गेला: बैलाने तुडवला. विकण्याचं कारण: आता बाटली नेतात. दिलेली रक्कम व सोबत दिलेली वस्तू: पावतीत. सांगणारी: सून. पावरी नाव तिने दोनदा म्हणून दाखवलं, मोबाइलवर आवाज आहे."

वस्तूचं नाव त्या घरात जसं म्हणतात तसंच लिहा. भिली बोलींत "स"चा "ह" होतो, हासळीची हाहली होते. तुम्ही सुधारून हासळी लिहिलंत तर ते घर त्या नोंदीतून पुसलं जातं. आवाज टिपून ठेवणं म्हणूनच फार मोलाचं. सांगणाऱ्याची परवानगी घ्या.

गाव लिहिताना एक काळजी. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्राची ३३ गावं गेली, सगळी धडगाव-अक्कलकुव्याकडची. ती माणसं आज तळोदा-शहाद्याच्या सपाटीवर पुनर्वसनाच्या वसाहतींत राहतात. त्यांच्याकडून आलेल्या वस्तूवर दोन्ही गावं लिहा. नर्मदेकाठचं जुनं आधी, वसाहतीचं नंतर. मासे धरायची टोपली सपाटीवरच्या कोरड्या वसाहतीत का होती, ते त्याशिवाय उद्या कुणालाच समजणार नाही.

वस्तूवर क्रमांक कसा घालायचा? चिकटपट्टी नको, तिचा गोंद डाग पाडतो. सुती दोऱ्याने जाड कागदाची चिठ्ठी बांधा, त्यावर पेन्सिलने लिहा. फोटो चार बाजूंनी, शेजारी मोजपट्टी ठेवून.

सांभाळ

आपल्याकडे मेमध्ये पारा पंचेचाळीसवर जातो आणि जुलैत भिंतींना ओल येते. लाकूड आणि बांबू यांचा घात या दोन टोकांमध्ये होतो. पत्र्याखालची किंवा पश्चिमेच्या भिंतीची जागा टाळा. घरातली सगळ्यांत कंटाळवाणी, अंधारी, मधली खोली या कामाला उत्तम.

नवीन आलेली लाकडाची, बांबूची, टोपलीची वस्तू थेट बाकीच्यांत ठेवू नका. महिनाभर वेगळी, पांढऱ्या कागदावर ठेवा. कागदावर पिठासारखी भुकटी पडली तर आत भुंगेरा आहे. लहान वस्तू असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे १८-२० अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडायची नाही, नाहीतर वस्तूवर पाणी सुटतं. रंगवलेले मुखवटे आणि चामड्याची वाद्यं यांच्यावर हा उपाय करू नका. वार्निश, फर्निचरचं पॉलिश, खोबरेल यातलं काहीही लाकडाला लावायचं नाही. तुमच्या हाताने लावलेली चमक पुन्हा काढता येत नाही.

चांदी चिंच, पीतांबरी, टूथपेस्टने घासू नका. खाचांतला काळा मळ म्हणजे त्या दागिन्याचं वय. मऊ सुती कापडाने पुसा आणि धुऊन खळ काढलेल्या मांजरपाटात गुंडाळून ठेवा. रबरबँड आणि लोकरी कापड चांदीजवळ नको, त्यांनी ती लवकर काळी पडते. ढोलाच्या चामड्याचा ताण थोडा सैल करून ठेवा, उन्हाळ्यात ते आखडून फाटतं. माझ्या त्या थाळ्यावरचा मेणाचा डाग मी आजवर पुसलेला नाही. घरी येणारा प्रत्येक जण "जरा स्वच्छ करा की" म्हणतो, म्हणून शेवटी त्याच्या चिठ्ठीवरच लिहून ठेवलं: "मेण काढू नये."

घरच्यांना वही कुठे आहे ते दाखवून ठेवा. तुमच्या पश्चात संग्रह कुणाकडे जावा हे एका कागदावर लिहून, सही करून वहीच्या पहिल्या पानाला जोडा. मी माझ्या कागदावर वस्तूगणिक लिहिलं आहे. ज्या घराने मागितली तर परत द्यायची त्या वस्तूंपुढे त्या घराचं नाव आहे, बाकीच्या संग्रहालयाकडे. क्र. ४७पुढे त्या सुनेचं नाव आहे. तिचा मुलगा आता शाळेत जातो, आणि मागच्या होळीला मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्याने आजोबांचा तुंबा कसा होता म्हणून मला विचारलं. पुढच्या खेपेला मी तो सोबत घेऊन जाणार आहे.